सोजराबाईनं ठेवलेलं पस्तान

सोजराबाईला भांडगावाहून वडगाव रासाईत आणलं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आणलं हेच खरं. ती आपणहून आली नव्हती. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून आला, त्यानं नेलं. पंधरवड्यानं दीर गेला, त्यानं आणलं. बाळंतपणाला नेलं, बारसं झाल्यावर आणलं. सगळा जन्म असाच गेला, पुढं एक बाप्या आणि मागं ती. तिला त्याचं वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. मेथीच्या जुडीला बाजारात जायचं वाईट वाटतं का? टोपलीत घातली की निघाली.

नवरा संपत, त्याला सारं गाव आबा म्हणे. घरचा ऊस, तरकारी, सोसायटीत शब्दाला वजन. मुलगा सुदर्शन रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला. आणि सून राजश्री, इंग्रजी घेऊन बीए झालेली. ती संध्याकाळी ओसरीवर इंग्रजी बोलायचा क्लास घ्यायची. कंपनीत इंटरव्ह्यू द्यायची पोरं यायची, गावातल्या दोन-तीन सुनाही यायच्या. सोजराबाई कोपऱ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसायची. फुकटचं ऐकायला मिळतं, कोण सोडतंय?

एकदा राजश्रीनं जाण्याचे शब्द शिकवायला घेतले. फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून ती सगळं करून दाखवायला लावी. 'सेट ऑफ' म्हटलं की पिशवी उचलून ओसरीच्या पायऱ्या उतरायच्या. 'वॉक आउट' म्हटलं की पाय आपटत उतरायच्या. 'स्लिप अवे' म्हणजे कुणाला कळू न देता सटकायचं. त्यात हृतिक नावाचा एक पोरगा असा काही सटकला, की धडा संपला तरी परत येईना. शेवटी चहाच्या टपरीवर सापडला.

"अगं राजश्री," सोजराबाई म्हणाली, "येवढं शब्द कशाला लागत्यात गं त्यान्ला? जायाचं ते जायाचं."

"मानूस कसा गेला ते कळायला नको का, आत्या?" सासूला ती आत्याच म्हणायची. "रागानं गेला, चोरून गेला, का कायमचा गेला."

"व्हय बाई. आन् ज्याला दुसऱ्यानंच नेलं, त्याला काय म्हनायचं?"

"त्याला जानंच म्हनत न्हाईत, आत्या."

पोरं हसली. सोजराबाईही हसली. पण त्या दिवशी तिच्या हातून जुड्या इतक्या जाड बांधल्या गेल्या, की दुसऱ्या दिवशी आबा बाजारातून बोंबलत आले, "आसल्या जुड्या बांधल्या तर व्यापारी हार घालंल तुला!"

पुढं दौंडच्या एका शाळेनं राजश्रीला शिकवायला बोलावलं. सोमवारपासून राहायला खोली, आणि सहा वर्षांच्या राजनंदिनीला तिथंच पहिलीत घेणार. अट एकच. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्या बाईला बोलावणार. सुदर्शननं हात झटकले, "आबांना इचार."

आबांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते नुसता दिवस दाखवायचे. "जा की. कोन न्हाई म्हनतंय? पर दौंड पडलं उगवतीला, आन् सोमवारी उगवतीला दिशाशूळ. मंगळवारी बगू." राजश्रीनं स्कूटी मागितली होती, तेव्हा म्हणाले होते, येवढी अमावस्या जाऊ दे. त्याला तीन वर्षं झाली. अमावस्या येतात नि जातात, स्कूटी काही आली नाही.

भरलेली बॅग राजश्रीनं माळ्यावर टाकली आणि भाकरी थापायला बसली.

गुरुवारचा अख्खा दिवस सोजराबाई नातीभोवती घुटमळत राहिली. नात तिच्याच कुशीत झोपायची. ती गेली, की घरात तिच्याशी बोलायला म्हैस तेवढी उरणार. दिशाशूळ हाय तर हाय, आपण कशाला मधी पडा, असं तिच्या मनात दोनदा आलं. खोटं कशाला सांगा?

शुक्रवारी आबा सोसायटीत गेल्यावर तिनं सुनेला हाक मारली. "तुजी एक साडी दे. चांगली दे, पोतेरं नको."

साडीत तिनं मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घातलं, गठुडं बांधलं आणि गल्लीपलीकडच्या मल्हारीआप्पांच्या देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलं. ह्याला पस्तान ठेवणं म्हणतात. जायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधी चांगल्या दिवशी आपलं गठुडं दुसऱ्याच्या घरी धाडायचं. माणूस घरात असला तरी निघाल्यात जमा. मग दिशाशूळ आडवा येत नाही. मात्र पस्तान माघारी आणता येत नाही. माणसानं जायचं आणि वाटेत ते उचलायचं.

"आत्या, आबा काय म्हनतील?"

"म्हनतील ते मला. तू माळ्यावरची बॅग काढ."

सांजच्याला पारावर मल्हारीआप्पांनी चारचौघांत विचारलं, "आबा, सूनबाईचं पस्तान आमच्याकडं आलंय. सोमवारी किती वाजता निगायचं म्हनायचं?" आबा तसेच उठले आणि तरातरा घरी आले.

"गठुडं कुनाला इचारून ठिवलं?"

"इचारायला तुमी घरी कुठं हुता? म्हूर्त निघून चालला हुता."

"जा, माघारी आन."

"मी न्हाई जायाची. तुमीच आना. विलेक्शनच्या येळला भावजींनी आनलं हुतं, तसं."

सोसायटीच्या निवडणुकीत आबांनी फॉर्म भरायला जाण्याआधी पस्तान ठेवलं होतं. त्यातली शाल कुणाच्या तरी लग्नात पांघरायला हवी, म्हणून धाकट्या भावानं गठुडंच परत आणलं. आबा थोडक्यात पडले. ते पस्तानापायीच पडले, हे त्यांनी गावाला इतकं पटवलं होतं, की आता बदलायची सोय नव्हती. भावाशी पाच वर्षं बोलले नव्हते.

"आन् सैपाक? धारा?" खरं कारण एकदाचं बाहेर पडलं.

"सून यायच्या आदी कोन करीत हुतं? तुमी?"

आबा खाली बसले. नरम आवाजात म्हणाले, "बरं, तिला जाऊ दे. पर पोरगी न्यायची न्हाई. नंदू हितंच ऱ्हाईल, तुज्यापाशी."

सोजराबाईचा हात चुलीपाशीच थांबला. आबांनी तिच्या मनातलंच तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. हो म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. दारात उभी असलेली राजश्री सासूकडं बघत होती.

"पोरीला आईपासून तोडून मला काय करायचंय?" सोजराबाई म्हणाली. "मग सनावाराला तिला न्यायची, आनायची, पुना न्यायची. तिचं बी फ्राक हाय त्या गठुड्यात."

"कवा ठिवलं?" राजश्री चकित झाली.

"ठिवलं तवा ठिवलं. तवा तापलाय, भाकरी टाक."

सोमवारी आबा भल्या पहाटे उठून पिकअप धूत होते. साडेसातला राहुकाळ लागतो, त्याच्या आत नदी ओलांडायची म्हणून सगळ्यांवर ओरडत होते. राजश्री सासूच्या पाया पडली. मल्हारीआप्पांच्या दारातून गठुडं उचलून ती पुढं बसली. राजनंदिनी काचेतून ओरडत राहिली, "आजी, तू पन चल की!"

"म्हशीला काय सांगू?" सोजराबाईनं विचारलं. गाडी वळणाआड गेल्यावर तिनं डोळे पदरानं पुसले, नाक शिंकरलं आणि गोठ्यात गेली.

दुपारी आबा एकटेच परत आले. जेवून हात धुता धुता म्हणाले, "खोली बरी हाय. पर खिडकीला जाळी न्हाई. डास फोडून खातील पोरीला. जाळी घिऊन जावं लागंल."

"कवा?"

"उद्याच. तू बी चल. पोरगी तुजंच नाव घेतीया."

"दिवस बगा की आदी."

"त्यात काय बगायचंय?" आबा खेकसले. "डास दिवस बगून चावत्यात व्हय?"