थेंबवाली

औषधाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबवाली म्हणायचे. बोटाएवढ्या काचपट्टीत केसाहून बारीक नळ्या असत. एकीतून औषध आणि दुसरीतून तेल सोडलं की त्यांच्या संगमावर एकसारखे थेंब तुटत. ते घट्ट झाले की औषधाचे कण तयार व्हायचे, कर्करोगाच्या गाठीपाशी जाऊन हळूहळू विरघळणारे.

तिच्या थोरल्या बहिणीच्या यकृतात तशीच गाठ निघाली. ती म्हणाली, "तुझ्या हातचंच औषध दे की मला."

"ताई, अजून उंदरांवरच चाललंय गं."

"मग मला उंदीर समज."

दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिने एक बाटली पर्समध्ये टाकली, जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. काही उंदीर बरे झाले होते, तर काही तडकाफडकी मेले होते. ताईच्या जिवाशी खेळायला तिचं मन धजावलं नाही.

ताई हिवाळ्यात गेली. उन्हाळ्यात त्या औषधाची माणसांवर चाचणी करायला परवानगी मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. भाऊजींना ही बातमी कोणत्या तोंडाने सांगायची, हे मात्र तिला अजून सुचलेलं नाही.