वारा पडला तरी धावायचं नाही

गोव्यात मोपाच्या विमानतळावर बाबांना आत सोडेनात, म्हणून त्यांनी दारापाशीच माझी बॅग खाली ठेवली. सड्यावर वारा सुटला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, बागायतीतल्या काजी मोहरल्यात, फार वारा नको. मग परतीची बस चुकेल म्हणून चालू लागले.

आजोबांच्या जन्माच्या नोंदीवर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि मी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लहान विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागले. भाषेने नाकी नऊ आणले. त्यात इथे वाऱ्यालाच किती नावं! सरासरीपेक्षा दहा नॉट जास्त उसळला की राफाल. काळा ढग पावसासकट अंगावर आला की ग्रँ. आणि दोन झोतांच्या मध्ये वारा पडतो, ती आकाल्मी. तुम्ही गावी असा की माझ्यासारखे बाहेर, सांगा, आपण वाऱ्याला वारा सोडून कधी काही म्हटलं?

आमच्या गावी, लाटंबार्सेत, नियम सोपा. काजूचे बोंडू झाडावरून काढायचे नाहीत, पडलेले वेचायचे. वाऱ्यात फांद्या मोडतात म्हणून लांब राहायचं, आणि मग बाबांची हाक यायची, "वारो पडलो, धाव! नाय तर माकडां कायच ठेवची नाय." लहानपणापासून मी धावत आले.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला. गुडघ्यांनी दगा दिला होता. "तू येतलंस, काय बागायत कोणाक तरी देवया?" सांगते म्हटलं आणि सांगितलंच नाही. माझी नोकरी अजून कच्ची होती. ती गेली असती तर परतावंच लागलं असतं, मग उत्तर द्यायची पाळी आली नसती. खरं सांगू? कधी कधी ती जावी असंही वाटायचं.

त्याच आठवड्यात राफालचा इशारा आला. सगळे आत बसलो. वारा एकदम पडला आणि मी उठून धावले, विमानाजवळ विखुरलेले प्लास्टिकचे शंकू वेचायला. हात निम्मे भरले असतील. पुढचा झोत आला, आणि एक रिकामी सामानगाडी माझ्यापासून वीतभर अंतरावरून जाऊन भिंतीवर आदळली. आमची मुकादम इव्हॉन हिने बखोट धरून मला आत आणलं. आकाल्मी म्हणजे वारा संपला असं नव्हे, तो परत येतो, हे तिने माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं. वरच्यांना तिने झालेलं सगळं लिहून कळवलं. खाली लिहिलं, हिला ठेवा.

मे महिन्यात नोकरी पक्की झाली. मी बाबांना फोन केला, बागायत देऊन टाका म्हटलं. सामानगाडीचंही सांगितलं.

"बरां केलंस गो," म्हणाले. "आता माजां आयकू नको. थंयच्यांचा आयक."

फोन ठेवल्यावर मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी एकदा तरी ये म्हणायचं होतं. मी गेले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी म्हणायचं होतं. हल्ली कुणी विचारलं तुझं घर कुठे, तर मी लाटंबार्से सांगते. ते ये म्हणतील, म्हणून अजून दर रविवारी फोन लावते.