चिमट्यात न येणारी मुलगी

"पाटीलबाई, तुमच्या मुली खात्यापित्या घरच्या दिसतात," महाजन सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि हॉलमध्ये हशा पिकला.

माझ्या शाळेच्या पाचही मुलींनी माना खाली घातल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जळगावला जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाचा महिनाभराचा कॅम्प होता. मी धरणगावच्या शाळेत पीटी शिकवायची. महाजन सर जळगावच्याच एका शाळेचे कोच. नुकतेच कुठलासा कोर्स करून आले होते आणि येताना कॅलिपर घेऊन आले होते. कॅलिपर म्हणजे मोठा चिमटा. दंडामागची कातडी त्यात धरायची. जितकी जाड घडी येईल, तितकी अंगावर चरबी जास्त. पुरुषाने मुलींचे दंड धरणं बरं दिसत नाही, म्हणून चिमटा लावायचं काम माझ्याकडे, कारण कॅम्पची मॅनेजर मी. आकडे मोठ्याने वाचायचं काम सरांचं.

शेवटी त्यांची सुरेखा आली. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान चेसर, म्हणजे पाठलाग करून गडी बाद करणारी. वय पंधरा. तिच्या दंडाला चिमटा लावला तर हातात नुसती कातडी आली.

"याला म्हणतात ॲथलीट," सर म्हणाले.

खरं सांगते, मी या माणसावर फार जळायची. आंतरशालेय कप सलग तीन वर्षं त्यांच्याकडे. पेपरात फोटो त्यांचा. पण सगळ्यात जास्त डोळ्यात खुपायची ती त्यांच्या मुलींची हजेरी. माझ्या मुली महिन्यातले तीन-चार दिवस पोट दुखतं म्हणून बसायच्या. आईही पाठवायची नाही. त्यांच्या मुलींचा मात्र एक खाडा नाही! सर सभेत अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे सुट्टी नाही." हे यांना जमतं कसं, या विचाराने मला झोप यायची नाही.

म्हणून कॅम्पभर मी त्यांच्या मुलींवर पाळत ठेवली. पहाटे त्या किती पळतात, पाहिलं. मेसमध्ये त्यांच्याच पंगतीला बसले. युक्ती सापडली तर चोरायचीच होती.

पाळीच्या दिवसांत लागणारं कापड, कापूस, गरम पाणी ही सोय मॅनेजर म्हणून माझ्याकडे होती. माझ्या मुली एकेक करून येऊन गेल्या. कॅम्प संपत आला तरी सरांच्या चौघींपैकी कुणी फिरकली नाही. आधी वाटलं, लाजत असतील. मग शंका आली. सुरेखाला बाजूला घेतलं.

"तुझी पाळी कधी आली होती गं?"

"दिवाळीनंतर नहीच उनी, बाई." होळी जवळ आली होती.

"घरी सांगितलंस?"

"काय सांगू? बरंच शे. खाडा पडत नही."

"आणि जेवतेस काय?"

"अर्धी भाकर. तूप, शेंगदाना, बठ्ठं बंद करेल शे." म्हणजे सगळंच सोडलेलं.

बोलताना ती नडगी चोळत होती. विचारलं तर म्हणाली, "महिनाभर दुखस. पन सरले सांगू नका."

मी मात्र तडक सरांकडे गेले. पाळीचं नाव काढताच ते हातातल्या शिट्टीकडे बघू लागले. नंतर म्हणाले, "बाई, तीन दिवसांवर राज्य स्पर्धा आहे. माझी पोरगी बसावी असं तुम्हाला वाटतं. जळता तुम्ही."

"जळते. कुणालाही विचारा, जळते. तरी तिच्या पायाचा एक्स-रे काढा."

"काही गरज नाही."

मग मीच तिला लेडी डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेत नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली.

डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत समजावलं. वयात येणाऱ्या मुलीला मुलापेक्षा जास्त चरबी लागते. खेळणारी मुलगी सडपातळ असली तरी वजनाच्या शंभर भागांत पंधरा-वीस भाग चरबी असणं चांगलंच. प्रत्येकीचा आकडा वेगळा. पण खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर काटकसर करतं, आधी पाळी बंद करतं. पाळी थांबली की हाडं कच्ची राहतात. "ही राज्य स्पर्धेत पळाली असती तर पाय मैदानातच मोडला असता," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मी सुरेखाचं नाव कापलं. ती माझ्याकडे न बघता रडली. मला तिचं वाईट वाटलं आणि सरांचा चेहरा पाहून बरंही वाटलं. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. पाटीलबाईंनी जळून पोरीला बसवलं, असं जिल्हाभर पसरलं. त्यातलं अर्धं खोटं होतं.

पावसाळ्यानंतर सुरेखाची आई बाजारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्हीन चांगलं करं. पोर आते पोटभर जेवस. महिनानं बी बराबर शे."

सरही बदलले. पीटी शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी 'मुलींना चरबी हवीच' यावर भाषण दिलं. शोध जणू त्यांनीच लावला होता. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते.

त्या वर्षी कपच्या फायनलला त्यांची शाळा आणि माझी समोरासमोर आल्या. सुरेखा मैदानात उतरली. दंड भरलेले, गालावर तुकतुकी. पहिल्याच डावात तिने माझ्या सगळ्यात चांगल्या तिघी बाद केल्या. कप चौथ्यांदा त्यांच्याकडे गेला.

खेळणाऱ्या मुलीला पोटभर जेवू द्यावं, हे मी अजूनही प्रत्येक कोचला सांगते. फक्त ती समोरच्या संघातली असेल तर हरायची तयारी ठेवावी.