दगडाबाईंच्या विहिरीचं बूड

दगडाबाईंनी विहीर खोदली ती पाण्यासाठी कमी आणि जावेच्या दारात जावं लागू नये म्हणून जास्त. राणीसावरगावच्या अलीकडे त्यांचं रान. वाटणीत जुनी विहीर आणि उतारावरची जमीन धाकट्या जावेकडे, कमलबाईंकडे गेली, यांच्या वाट्याला माळ आला. तेव्हापासून दोघींचा अबोला.

माळावरच्या विहिरीला मुरुमातच पाणी लागलं. खाली गेरूसारख्या लाल मातीचा चिवट थर होता. त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून मुरलेला पाऊस त्याच्यावर अडून राहायचा. उन्हाळ्यात घागर बुडेल एवढंच उरायचं, पण आटलं कधी नाही. तेवढ्यावर बाईंचा तोरा मात्र नदीकाठच्या बागायतदाराचा.

यंदा पालमला त्यांच्या भाच्याने बोअर मारलं. तिथं कठीण खडकाखालच्या भेगांत पाणी कोंडलेलं होतं. भोक पडताच ते दाबाने आपोआप वर चढलं. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या विहिरीच्या तळातच बोअर मारायचं ठरवलं.

"आई, बाजूला मारू," लेक नागनाथ म्हणाला. "हाय त्या पाण्याला कशाला हात लावायलीस?"

"खालचं वर आलं की विहिरीतच साठंल. बाजूला मारून काय उपेग?"

पाणी उपसून मशीन तळात उतरवलं. आधी लाल चिखल निघाला, मग खडकाची काळी भुकटी. खाली भेगा होत्या, पण त्यांतलं पाणी दाबाखाली नव्हतं. ते वर आलंच नाही. उलट झऱ्यांचं पाणी तळाशी जमायचं आणि भोकातून खाली जायचं. नागनाथने भोक बुजवून पाहिलं, पण फुटलेला थर पुन्हा पाणी धरेना.

थोड्याच दिवसांत कमलबाईंच्या खोल विहिरीचं पाणी चढलं. ते कुठून आलं, हे गावात कुणाला सांगावं लागलं नाही.

बाईंनी काही दिवस टँकरवर काढले. टँकर बंद झाला तेव्हा घागर घेऊन उतारावर गेल्या. भांडणाची पुरती तयारी करूनच गेल्या होत्या.

"माझंच पाणी न्यायला आलेय," त्या म्हणाल्या.

कमलबाईंनी घागर भरली आणि जावेच्या डोक्यावर चढवली. मग पदर सारखा करत विचारलं, "अक्का, उद्या बी याल न्हवं?"

दगडाबाईंना रडू आलं, आणि त्याचाच त्यांना राग आला.