पाऊण रत्तल भात

कासिमिरो पेगेरोने साखर कारखान्याच्या काट्यावर एकतीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या, आणि तेवढ्या वर्षांत माणसांवरचा त्याचा विश्वास जो उडाला तो उडालाच. तोडणीवाले मोळ्यांच्या पोटात दगड दडपायचे. गाडीवाले वाटेत ओढ्यावर थांबून ऊस भिजवून आणायचे. आणि कचेरीतला मुकादम हळूच कानाशी लागायचा, "कासिमिरो, काटा जरा आपल्या अंगाला झुकू दे की." कासिमिरो कुणालाच भीक घालत नसे. गावात सगळे म्हणायचे, पाद्र्याने हातावर ठेवलेला प्रसादसुद्धा हा आधी तोलून बघतो, मग तोंडात टाकतो.

पुढे कारखाना बंद पडला. कासिमिरो घरी बसला तो वाकलेली पाठ आणि संशय घेऊनच. ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्यांकडे बघत राहायचा. एवढ्या पिशवीत एवढंच? का बरं?

त्याचा दिवस टांगलेला असे दुपारच्या जेवणावर. बाराचा ठोका पडला की टेबलावर त्याचा थाळा यायचा. थाळा कसला, परातच ती! कारखान्याच्या खाणावळीतून आणलेला, पांढऱ्या मुलाम्याचा, काठाला एके ठिकाणी टवका उडालेला. त्यात भाताचा डोंगर, वर लाल घेवड्याचं दाट कालवण, कडेला कोंबडीचा तुकडा आणि चेचून तळलेली हिरवी केळी. कालवण टवक्याला टेकलं की थाळा भरला, असा अडतीस वर्षांचा शिरस्ता. कासिमिरो एकटाच टेबलाशी बसायचा, बायको ओविदिया डाव हातात घेऊन चुलीपाशी उभी. थाळा पुसून लख्ख झाला की तो म्हणायचा, "भरलं पोट, देवाची कृपा." मग टोपी चढवायची आणि बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळायला पसार व्हायचं.

मार्चमध्ये न्यूयॉर्कहून यानिरिसची, म्हणजे त्यांच्या लेकीची, पेटी आली. तेल, साबण, बापाला बूट, आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या सहा ताटल्या. निळ्या काठाच्या, सगळ्या एकसारख्या, चिनीमातीच्या. ओविदियाने त्या धुतल्या, पुसल्या आणि जुना थाळा कपाटावर टाकला.

"माझा थाळा कुठाय?" कासिमिरोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"लेकीनं एवढ्या लांबून पाठवलंय. बघ तरी कशी दिसतेय."

त्याने बघितलं. ताटली काठोकाठ भरलेली होती, भाताचा डोंगर होता तसाच उंच. तक्रारीला जागा नव्हती. जेवला, "भरलं पोट, देवाची कृपा" म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला.

असे पाच महिने गेले. कदाचित पुढेही तसेच गेले असते, पण ऑगस्टमधल्या एका दुपारी डॉमिनोचे ठोकळे मांडता मांडता नेरेओ हसला. हा नेरेओ म्हणजे शेजारचा विधुर, एका पायाने लंगडा, यानिरिसचा धर्मपिता आणि त्या नात्याने कासिमिरोचा कोंपाद्रे.

"कोंपाद्रे, पट्टा दोन भोकं आत गेलाय तुझा. आजारी आहेस, की घरी उपास घडतायत?"

"उपास घडोत तुझ्या वैऱ्याला! भरल्या ताटावरून उठलोय आत्ता."

"मी आपलं डोळ्याला दिसलं ते बोललो."

बोलणारा बोलून गेला, पण कासिमिरोच्या मनात पाल चुकचुकली. त्या डावात त्याने दोनदा चुकीचा ठोकळा टाकला. घरी येऊन पट्टा काढून बघितला. जुन्या भोकापाशी चामडं ताणून वेडंवाकडं झालं होतं, नवं भोक मात्र कोरं करकरीत. खोटं नव्हतं.

शुक्रवारी ओविदिया चर्चमध्ये फुलं लावायला गेली. त्याचं जेवण टेबलावर झाकून ठेवलं होतं. कासिमिरोने कपाटावरून जुना थाळा उतरवला, धूळ पुसली आणि ताटलीतलं सगळं त्यात उलटं केलं.

डोंगराचं डबकं झालं. थाळ्याचा निम्मा तळ उघडा पडला, कालवण टवक्यापासून चार बोटं लांबच थांबलं.

मग मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. कालवण निथळून तो भात पिशवीत घालून टांगला: सव्वा रत्तल. तो परत ओतून, पातेल्यातून डाव डाव भात काढून जुना थाळा टवक्यापर्यंत भरला आणि तोही तोलला: दोन रत्तल. पुन्हा तोलला. काटा खोटं बोलत नव्हता. रोजचा पाऊण रत्तल भात कमी. पाच महिने!

आणि गंमत अशी, की पाच महिन्यांत एकदाही ज्याला भूक लागली नव्हती, त्या माणसाच्या पोटात त्याच दुपारी खड्डा पडला. तीन वाजता पोट गुरगुरलं. पाचला त्याने उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली. रात्री अंथरुणावर पडून तो ओविदियाच्या पाठीकडे बघत राहिला. अडतीस वर्षं शेजारी झोपलेली ही बाई अचानक त्याला उसाच्या गाडीसारखी दिसायला लागली. आत काय दडवलंय कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात घुटमळला. ओविदियाने तांदूळ मोजून घेतले. दुधाच्या डब्याची तीन मापं, पूर्वी घ्यायची तेवढीच. म्हणजे शिजत होतं तेवढंच, आणि त्याच्या ताटात मात्र कमी. मग मधल्या मध्ये जात होतं कुठे?

"काय रे म्हाताऱ्या, पायात घुटमळतोस?"

"काही नाही. तहान लागली."

"तिसरा पेला आहे हा."

तेवढ्यात ओविदियाने फडक्याखाली झाकलेलं एक वाडगं उचललं आणि मागच्या दाराने नेरेओच्या घराकडे निघाली. कासिमिरोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पट्ट्याची भोकं मोजणारा कोण, तर नेरेओ! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. विधुर माणूस, हसतमुख, आणि एवढ्यात गालांवर थोडी तुकतुकी आलेली. कासिमिरो कुंपणाच्या आडून वाकून मागोमाग गेला आणि दारात पोचताच गरजला, "झाकण काढ!"

नेरेओने दचकून फडकं उचललं. आत चार पळ्या घेवड्याचं कालवण. भाताचं शीतही नव्हतं.

"तुझ्या घरचं कालवण मी वीस वर्षं खातोय, कोंपाद्रे," नेरेओ म्हणाला. "आणि माझ्या झाडाचे अ‍ॅव्होकाडो तू. आज काय झालं?"

ओविदियाने नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उन्हात डोकं तापलंय त्याचं," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

कासिमिरो वरमला, पण संशय काही गेला नाही. काट्यावर तो एक धडा शिकला होता: गाडी पुढून बघून कळत नाही, मागे जाऊन बघावी लागते. सोमवारी तो नेहमीसारखा जेवला, "भरलं पोट, देवाची कृपा" म्हणाला, टोपी घातली, फाटक वाजवून बाहेर पडला आणि गल्लीला वळसा घालून मागच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

ओविदिया टेबलाशी बसली होती, त्याच्याच खुर्चीच्या समोर. चपला काढून पाय स्टुलावर टाकलेले. रेडिओ बारीक आवाजात लावलेला. पुढ्यात निळ्या काठाची ताटली, तिच्यात भाताचा डोंगर, कालवण, कोंबडीचा एक तुकडा आणि अ‍ॅव्होकाडोची फोड. ती सावकाश जेवत होती, मधेच गाण्याबरोबर मान हलवत.

कासिमिरोला आधी वाटलं, सापडली! ओरडायला त्याने तोंडही उघडलं. पण लगेच त्याच्या मनात आलं, मग पूर्वी ही काय जेवायची? तो आठवू लागला. कारखान्यावर आलेल्या शेकडो गाड्या त्याला आठवत होत्या, कुठल्या गाडीवाल्याने कधी किती लबाडी केली ते तोंडपाठ होतं. ओविदियाचं ताट मात्र आठवेना. त्याने ते कधी बघितलंच नव्हतं.

"आत ये," मान न वळवता ओविदिया म्हणाली. "खिडकीत टोपी दिसतेय तुझी."

तो आत आला आणि दारातच उभा राहिला.

"पाऊण रत्तल," तो म्हणाला. "तोललंय मी."

"तोलणारच तू. मला कळलंच होतं. शुक्रवारी पातेल्यातला भात पार उकरून ठेवला होतास."

"आधी कुठं असायचं हे?"

"आधी तुझ्या थाळ्यात असायचं. टवक्यापर्यंत भरला, की पातेल्यात उरेल ते माझं. कधी दोन घास, कधी नुसती बुडाची खरवड. कोंबडीचा पंख. उभ्याउभ्याच आटपायचं, बसायला काय होतं त्यात?"

"मग बोलली का नाहीस?"

ओविदियाने चमचा खाली ठेवला. "सांगते. पहिल्या दिवशी ही ताटली भरली, तेव्हा मला वाटलं तू आणखी मागशील. तू मागितलं नाहीस. पोट भरलं म्हणालास आणि गेलास. मी पातेलं उघडून बघितलं तर भात तसाच. मला वाटलं, तू आजारी आहेस. तीन दिवस तुझ्यावर नजर ठेवून होते मी. बाहेर कुठं खाऊन येतोस का, म्हणून झाडाखालीही डोकावून गेले. चौथ्या दिवशी म्हटलं, याला कळत नाहीये, तर राहू दे. आणि ताटली घेऊन बसले."

"मला रोज भूक लागते," कासिमिरो म्हणाला.

"शुक्रवारपासून. त्याआधी नाही."

कासिमिरोला खरं तर चीड आली होती, आणि ती कुणावर काढावी ते सुचत नव्हतं. तो खुर्ची ओढून समोर बसला. ओविदियाने पातेल्यातला उरलेला डावभर भात त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन घास घेतले आणि तिसऱ्याला हात थांबला. घास जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता दोन ताटल्या टेबलावर आल्या. ओविदियाने मांडल्या नाहीत, त्यानेच मांडल्या, आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली, पण सावधपणे, पुढे काय डाव आहे हे न कळलेल्या माणसासारखी. कासिमिरो एकदा तिच्या भाताकडे बघे, एकदा स्वतःच्या.

"तुझा जरा उंच वाटतोय."

ओविदियाने ताटल्यांची अदलाबदल केली. त्याने पुन्हा बघितलं. आता तिच्यापुढचा उंच वाटत होता.

"जेव आता," ती म्हणाली, "निवतंय."

तो जेवू लागला. ती फार सावकाश जेवते, आणि अ‍ॅव्होकाडो अगदी शेवटासाठी राखून ठेवते, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याची ताटली कधीच रिकामी झाली होती. तिकडे झाडाखालून नेरेओ हाका मारत होता. कासिमिरो टोपी मांडीवर ठेवून तिचं जेवण होईपर्यंत बसून राहिला.