न सरकणारी गाठ

कुठलीही गोष्ट दाबून पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे. वांगं असो, मळलेली कणीक असो, की तापलेल्या माझ्या मुलीचं पोट असो. दोन बोटं टेकवायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. "बरं हाय." नाहीतर, "बाई, हे बरं न्हाई."

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी वालूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ही धनगरीण रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन यायची. वय पंचेचाळिशीचं. मेंढरांच्या गाठी ओळखण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांच्या बोटांना सगळं कळतं.

एकदा दूध ओतून झालं तरी ती उठली नाही. उंबऱ्यातच बसून राहिली.

"सरकती गाठ बरी असती बाई. रुतून बसलेली वाईट."

"कुठल्या मेंढीला झालीय, मावशी?"

"मला," ती म्हणाली आणि तिनं डाव्या छातीवर हात ठेवला. "दिवाळीपासनं हाय. सरकंना."

परभणीच्या डॉक्टरांनी तपासून हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. मेंढरं टाकून तिच्या नवऱ्याला येता येईना. लय अबोल माणूस. सेलूच्या स्टेशनावर मला एवढंच म्हणाला, "बरी करून आणा." मी रजा काढली होती.

तिथं एक्स-रेचा फोटो काढताना थंडगार पत्र्याला छाती टेकवायला सांगितली, तेव्हा ती दचकली. "ह्येला आतलं दिसतंय व्हय? मग काल काय खाल्लं तेबी सांगंल की!" तिथल्या माणसाला मराठी कळत नव्हतं, पण तिच्या हसण्यानं तोही हसला. नंतर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पाच दिवस आम्ही वाट पाहिली. त्या दिवसांत ती फारशी हसली नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. उर्दूत म्हणाल्या, "कॅन्सरच दिसतोय. काखेत मात्र अजून गाठ लागत नाही, म्हणजे पसरलेला नसावा. लवकर छाती काढून टाकली तर चांगली आशा आहे. पण त्यांना सांगू नका, घाबरतील."

मी खाटेपाशी आले आणि म्हणाले, "किरकोळ आहे, मावशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी पोरीस्नी शिकवता. मला का खोटं सांगायलात?"

मग मी सगळं सांगून टाकलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. आपण मोठी चूक केली असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं.

"काढल्यावर मेंढरामागं हिंडता यील का, इचारा."

मी विचारलं. डॉक्टरीणबाई तिच्या खाटेवर टेकल्या, तिचा हात हातात घेतला आणि थेट तिलाच म्हणाल्या, "हां, अम्मा."

"मग काढा. लेकरं पिऊन मोठी झाली. ह्या छातीचं काम झालं."

शस्त्रक्रियेनंतर तिचा डावा हात वर जाईना. रोज भिंतीवर बोटं चढवत न्या, असं सांगितलं होतं. तिच्या झोपडीला भिंत कसली? काटक्यांचा कूड! ती माझ्या घरी यायची, ओठ दाबून बोटं वर सरकवायची आणि जिथं थांबेल तिथं कोळशानं रेघ ओढायची. महिन्याभरात रेघा माझ्या डोक्याच्या वर गेल्या. एकदा तिचा नवरा आला. त्या रेघांवरून खालून वर बोट फिरवत राहिला, आणि डोळे पुसत बाहेर गेला. पोळ्याला घर सारवलं तेव्हा तेवढी भिंत मी सोडली.

दर वर्षी तपासणीला हैदराबादला जायचं असे. दोन वर्षं मी सोबत गेले. तिसऱ्या वर्षीही स्टेशनावर पोचले, तर हिनं आधीच एकच तिकीट काढलेलं.

"आणि माझं?"

"तुमचं कशाला? पोरी वाट बघायल्यात. जा शाळंत."

पुढं माझी बदली झाली आणि भेट राहून गेली. मला ती आठवते ती त्या सकाळची. बायकांच्या डब्यात चढली, बसलेल्या बायकांना "थोडी जगा देओ, अम्मा" म्हणाली आणि खिडकीपाशी ऐसपैस बसली. गाडी हलली तेव्हा ती शेजारणीला भाकरी मोडून देत होती. माझ्याकडे बघायचं तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.