दोन कुंड्यांची अदलाबदल

एका रविवारी बंद कॉलेजात शिरून मी दुसऱ्या बाईची खिडकीतली कुंडी उचलली आणि तिच्या जागी माझी कुजकी कुंडी ठेवून आले. तेव्हा मी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. होते, फर्स्ट क्लास होते आणि वय पंचवीस होतं. लहान होते म्हणून चुकले, असं म्हणायचीही सोय नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापक वर्गात जे शिकवतात, ते लॅबमध्ये मुलांकडून करवून घेणारी. पगार प्राध्यापकापेक्षा कमी, तोरा मात्र त्याच्या दुप्पट.

पाठक सर आमचे विभागप्रमुख. त्यांच्या दार्जिलिंगच्या मित्राने टोपलीतून दोन रोपं पाठवली. मलकापूरपर्यंत ती रेल्वेने आली, आणि तिथून सर स्वतः टोपली मांडीवर घेऊन एसटीने घाट चढून आले. ती मॉथ ऑर्किडं होती. आज माझी नात पुण्यात फुलवाल्याकडून असली कुंडी सहज आणते आणि महिन्याभरात मारते. तेव्हा आम्ही ते झाड फक्त पुस्तकात पाहिलेलं. जाड, जिभेसारखी पानं. त्यातून एक लांब दांडा निघतो आणि त्यावर पतंग बसावेत तशी फुलं ओळीने लागतात. हे झाड मातीत राहत नाही. जंगलात दुसऱ्या झाडाच्या फांदीला धरून, मुळं हवेत सोडून जगतं. घरात ठेवायचं तर कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या भरायच्या. आमच्या काळ्या मातीचा त्याला काडीचा उपयोग नाही.

सरांनी एक रोप लॅबशेजारच्या खोलीतल्या माझ्या टेबलासाठी दिलं. दुसरं लॅबच्या खिडकीत ठेवून गिरजाबाईंच्या स्वाधीन केलं.

गिरजाबाई आमच्या लॅब अटेंडंट. माहेर अमडापूरचं, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातलं. शिक्षण चौथी. काचसामान धुणं, स्लाइडा पुसणं, प्रॅक्टिकलला लागणारी पानंफुलं आणणं, हे त्यांचं काम. नोकरी तात्पुरती होती. मार्चअखेर सरांनी शिफारस लिहिली तर कायम, नाही तर घरी. त्यांच्या दोन पोरी बुलढाण्यात शाळेत होत्या. नोकरी गेली तर पोरींची शाळा सुटणार आणि गावी परत जावं लागणार, हे त्यांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असंही नाही.

मी पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, या झाडाला दमट हवा लागते. मी दमट याचा अर्थ ओलं असा घेतला आणि रोज सकाळी वरून तांब्याभर पाणी घालू लागले, थेट पानांच्या मधल्या गाभ्यात. गिरजाबाईंनी पुस्तक पाहिलं नव्हतं. त्या मुळं बघायच्या. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखा थर असतो. कोरडा झाला की पांढुरका दिसतो, पाणी प्याला की हिरवा. मी हे परीक्षेत दोन पानं लिहून आले होते. गिरजाबाईंनी ते चार दिवसांत ओळखलं. मुलांना सांगायच्या, पांढरी पडली का ते पानी प्याले मागते, हिरवी हायेत तोवर पोट भरेल हाये त्याचं.

आणि मुलं ऐकायची. माझं नाही, त्यांचं. ‘गिरजाबाई, आमच्या घरची जास्वंद वाळून राह्यली, काय करू?’ मी शेजारीच उभी असायचे, गळ्यात एम.एस्सी. घालून.

त्या वेळी माझ्या नवऱ्याशी कोणी बाई हसून बोलली असती तरी माझ्या अंगाची एवढी आग झाली नसती. दर शनिवारी गिरजाबाई पाणी भरायला गेल्या की मी पट्टी घेऊन त्यांच्या रोपाची पानं मोजायचे. मग माझी मोजायचे. माझ्या वहीत माझं पान नेहमी अर्धा सेंटिमीटर पुढे असे. प्रत्यक्षात कधी नव्हतं.

बुलढाण्याच्या थंडीचा एक फायदा झाला. रात्री गार पडल्या की हे झाड फुलायचं मनावर घेतं. डिसेंबरात दोन्ही रोपांना दांड्याचे कोंब दिसले. तेवढ्यात सर विद्यापीठाच्या कामासाठी तीन-चार आठवडे नागपूरला गेले. ते येईपर्यंत गिरजाबाईंचा दांडा वीतभर वाढून खिडकीकडे झुकला होता, त्याला सहा कळ्या होत्या. माझा कोंब तिथेच थांबला होता. आणि शनिवारी मधलं पान हलवून पाहिलं तर ते सैल लागलं. गाभा कुजला होता. बाहेरची पानं अजून हिरवीगार, म्हणून कोणाला कळत नव्हतं.

सोमवारी सर येणार होते. रविवारी गिरजाबाई गावी लग्नाला गेल्या होत्या. बाकी मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. एक अधिकचा शहाणपणा केला तोही सांगते. माझ्या टेबलामागे खिडकी होती. दांडा खिडकीकडे ठेवला तर आत येणाऱ्याला कळ्या कशा दिसणार? म्हणून मी कुंडी फिरवून दांडा दाराकडे केला.

सोमवारी सर दारातच थांबले. “वा, बाई,” म्हणाले. मिनिटभर मी स्वर्गात होते. मग ते लॅबमध्ये गेले, मी मागोमाग. त्यांनी खिडकीतल्या रोपाचं मधलं पान बोटाने चाचपलं आणि ते हातात आलं. वास सुटला.

“गिरजाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

गिरजाबाईंनी कुंडीकडे पाहिलं. मग उघड्या दारातून माझ्या टेबलाकडे पाहिलं. “हो, सायेब,” एवढंच म्हणाल्या. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. खाली स्लाइड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून कोरा कागद दिला. गिरजाबाईंच्या शिफारशीचं काय करावं, असं त्यांच्या मनात चाललं होतं. तुम्ही रोज त्यांच्याबरोबर काम करता, कामाबद्दल दोन ओळी लिहून द्या, म्हणाले. तीन दिवस तो कागद माझ्या पर्समध्ये होता. चांगलं लिहावं तर सर म्हणतील, मग रोप का कुजलं? वाईट लिहावं तर हात धजत नव्हता. तीन दिवस गिरजाबाईंनी मला नेहमीसारखा चहा आणून दिला. एकदा तरी कप आपटायचा. तोही आपटला नाही.

शुक्रवारी माझ्या टेबलावर दोन कळ्या पिवळ्या पडून गळल्या होत्या. दुपारी सर आले, वाकले, दांड्याकडे बघत राहिले. त्याचं टोक आता वळून मागे खिडकीकडे जाऊ लागलं होतं.

“बाई, वाढता शेंडा कुठे वळतो?”

“उजेडाकडे, सर.” दरवर्षी मीच भोक पाडलेल्या खोक्यात वालाचं रोप ठेवून मुलांना हे दाखवत असे.

“मग वीतभर दांडा दाराकडे कसा वाढला?”

रविवारी कुंडी फिरवली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण पर्समधला तो कोरा कागद आठवला.

“सर, हे रोप गिरजाबाईंचं आहे. माझं कुजलं. रविवारी मी बदललं.”

सर खुर्चीवर बसले. चष्मा पुसला. मग म्हणाले, “दोन ओळी लिहायच्या राहिल्यात ना तुमच्या? आत्ता लिहा. माझ्यासमोर.”

मी दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहिली. सरांनी वाचून खाली सही केली. मला मेमो दिला नाही. दोन्ही कुंड्या मात्र गिरजाबाईंच्या ताब्यात गेल्या, आणि मी त्यांना विचारल्याशिवाय थेंबभर पाणी घालायचं नाही, असं सर्वांदेखत ठरलं. मेमो परवडला असता.

त्या वर्षी फूल आलं नाही. उरलेल्या चारही कळ्या गळल्या. कुजलेल्या रोपाच्या गाभ्यात गिरजाबाईंनी लॅबमधली गंधकाची पूड भरून ते कोरडं ठेवलं. पावसाळ्यात बुडाशी एक नवं पिल्लू फुटलं. एप्रिलपासून गिरजाबाई कायम झाल्या. धडा म्हणाल तर एवढाच, की ऑर्किडच्या गाभ्यात पाणी साचू देऊ नये आणि कळ्या असताना कुंडी हलवू नये. बाकीचं ज्याचं त्याने समजून घ्यावं.

त्या शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मी लॅबमध्ये गेले. गिरजाबाई परीक्षानळ्या उपड्या घालत होत्या. मी माफी मागितली आणि विचारलं, तुम्हाला तर सोमवारीच कळलं होतं, मग सरांना का नाही सांगितलं? त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या,

“तुमी एवढ्या शिकेल, अन् मी चौथी. माह्यं कोन आयकलं असतं, बाई? अन् खरं सांगू, तुमी नेलं त्याचा मले राग नाही आला. नेऊन त्याले उजेडाकडं पाठ करून बसवलं, त्याचा आला.”